अण्वस्त्रमुक्तीसाठी झटणाऱ्या शांतता संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही माहितीचे असतात, काही शंकेचे, तर काहींमागे सरळ राग असतो. रागाचे प्रश्न टाळून चालत नाही, कारण त्यांतले बरेचसे रास्त असतात. म्हणून इथे त्यांनाही जागा दिली आहे.

या संघटना नेमकं मागतात काय?

शेवटचं उद्दिष्ट बहुतेकांचं एकच आहे: जगात एकही अण्वस्त्र शिल्लक राहू नये. तिथपर्यंत पोहोचायच्या वाटेबद्दल मात्र त्यांच्यात खूप मतभेद आहेत. ब्रिटनमधल्या ‘कॅम्पेन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’ची, म्हणजे सीएनडीची, पहिल्यापासून मागणी होती की ब्रिटनने दुसऱ्यांची वाट न पाहता आपली अण्वस्त्रं सोडून द्यावीत. १९८०च्या दशकात अमेरिकेत उभ्या राहिलेल्या ‘फ्रीझ’ चळवळीची मागणी त्याहून सौम्य होती. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनीही एकाच वेळी नवी अस्त्रं बनवणं, त्यांच्या चाचण्या घेणं आणि ती तैनात करणं थांबवावं, आहे तिथेच गोठावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आजची ‘आयकॅन’ ही आघाडी म्हणते की रासायनिक आणि जैविक अस्त्रांसारखीच अण्वस्त्रंही कायद्याने निषिद्ध ठरवा. याशिवाय आधी वापर न करण्याची हमी, क्षेपणास्त्रांची ‘क्षणात डागण्याची’ सज्जता उतरवणं, चाचणीग्रस्तांना भरपाई अशा टप्प्याटप्प्याच्या मागण्या असतातच.

आज जगात किती अण्वस्त्रं आहेत?

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२५च्या सुरुवातीला सुमारे १२,२००. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल आणि उत्तर कोरिया या नऊ देशांकडे मिळून हा साठा आहे आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या अमेरिका-रशियाचा आहे. १९८६च्या सुमारास हा आकडा ७०,०००च्या घरात होता. म्हणजे कपात मोठी झाली. पण अलीकडे जुनी अस्त्रं मोडीत काढण्याचा वेग मंदावला आहे आणि नवी बनवणं जोरात सुरू आहे, ही आजची खरी काळजी.

या चळवळीची सुरुवात कुठून झाली?

युद्धविरोधी संघटना अणुबॉम्बपेक्षा जुन्या आहेत. ‘इंटरनॅशनल पीस ब्यूरो’ची स्थापना १८९१ची. स्त्रियांची ‘विल्फ’ ही संघटना पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, हेगच्या परिषदेतून उभी राहिली. जेन ॲडम्स तिच्या पहिल्या अध्यक्ष.

अणुबॉम्बला पहिला संघटित विरोध झाला तो तो बनवणाऱ्यांमधूनच. हिरोशिमाच्या आधी, जून १९४५ मध्ये, जेम्स फ्रँक आणि शिकागोतल्या त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी सरकारला अहवाल देऊन सांगितलं होतं की हे अस्त्र पूर्वसूचना न देता जपानवर टाकू नका, त्यातून शस्त्रस्पर्धा पेटेल. तो अहवाल बाजूला पडला.

पण चळवळ रस्त्यावर आली ती मासळीमुळे, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळबेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला. सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका होती. तिच्या डेकवर पांढरी राख बर्फासारखी पडत राहिली. नौकेवरचे २३ खलाशी ती राख अंगावर घेत जाळी ओढत होते. ती कसली आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. जपानभर बाजारात आलेली टुना मासळी किरणोत्सारी निघू लागली आणि ती पुरून टाकावी लागली.

टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी तेव्हा स्वाक्षरी मोहीम सुरू केली. यातल्या बऱ्याच जणी सार्वजनिक सभागृहात जमून पुस्तकं वाचणाऱ्या गटातल्या होत्या. ना कुठल्या पक्षाचा झेंडा, ना मोठा नेता. त्या दारोदार गेल्या, मासळीच्या दुकानांतून कागद ठेवले. बघता बघता मोहीम देशभर पसरली आणि सव्वा वर्षात तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. त्या जोरावर ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अण्वस्त्रं हा तज्ज्ञांचा विषय आहे, तुम्ही पडू नका’ हे म्हणणं या बायकांनी ऐकलंच नाही.

‘हिबाकुशा’ म्हणजे कोण? त्यांच्या संघटनेला नोबेल का मिळालं?

हिरोशिमा आणि नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या माणसांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५च्या त्या दोन बॉम्बनी वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसं मारली असा अंदाज आहे. जे वाचले त्यांच्या वाट्याला भाजलेले व्रण, रक्ताचे आणि इतर कर्करोग आणि वर समाजाची भीती आली. यांच्याशी लग्न नको, यांना नोकरी नको. वरून १९५२ पर्यंत अमेरिकी ताब्यात असलेल्या जपानमध्ये बॉम्बच्या परिणामांवर लिहिण्याबोलण्यावर बराच काळ बंधनं होती. म्हणजे दुःख होतं आणि ते सांगायचीही चोरी होती.

१० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत ‘निहोन हिदांक्यो’ ही त्यांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. तिने दोन गोष्टी मागितल्या: पीडितांना सरकारी मदत, आणि अण्वस्त्रांचं उच्चाटन. २०२४चं शांततेचं नोबेल तिला मिळालं आणि ओस्लोतलं भाषण तेरुमी तानाका यांनी केलं. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते.

साक्ष म्हणजे काय ते समजायचं असेल तर सेत्सुको थर्लो यांचं उदाहरण घ्या. त्याही तेव्हा १३ वर्षांच्याच होत्या, हिरोशिमात. त्यांचा चार वर्षांचा भाचा एजी इतका भाजला होता की ओळखू येत नव्हता, आणि मरेपर्यंत क्षीण आवाजात पाणी मागत राहिला. हे त्यांनी अनेक दशकं वर्गांमध्ये, सभांमध्ये आणि राजनैतिक अधिकाऱ्यांसमोर सांगितलं. २०१७ मध्ये आयकॅनला नोबेल मिळालं तेव्हा त्या व्यासपीठावरही त्यांनी एजीचं नाव घेतलं. शस्त्रसज्जतेच्या चर्चेत ‘लक्ष्य’, ‘क्षमता’, ‘स्वीकारार्ह हानी’ असे शब्द वापरले जातात. तिथे एका मुलाचं नाव घेतलं की त्या शब्दांचा आडोसा राहत नाही.

हयात हिबाकुशांची नोंदणीकृत संख्या २०२५ मध्ये पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली गेली आणि त्यांचं सरासरी वय ८६च्या पुढे आहे. त्यामुळे साक्षी ध्वनिचित्रमुद्रित करणं, त्यांचे अनुवाद करणं, तरुणांना त्या सांगायला शिकवणं ही कामं आता घाईची झाली आहेत.

मोर्चे, सह्या, धरणी यांनी खरंच काही बदललं का?

बदललं. पण कुठलाही करार एकट्या चळवळीमुळे झाला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सरकारांची स्वतःची गणितं असतात, खर्च असतात, भीती असते. चळवळ त्या गणितात एक आकडा घालते, जो पुसता येत नाही.

कधीकधी हा आकडा अक्षरशः मोजलेला असतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५८च्या अखेरीला शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मिळून लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. कारण असं: हवेत अणुचाचणी झाली की स्ट्राँशियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पावसातून गवतावर पडतं. गाय ते गवत खाते. ते दुधात उतरतं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. तेव्हा दात तपासला की त्या मुलाच्या हाडात काय साठलं ते कळतं, आणि त्यासाठी मुलाला सुईही टोचावी लागत नाही. आया दात पाकिटात घालून, सोबत मूल कधी आणि कुठे जन्मलं, अंगावरचं दूध पीत होतं की वरचं, अशी माहिती लिहून पाठवत. मुलांना बदल्यात ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असं लिहिलेला बिल्ला मिळे. असे सुमारे तीन लाख दात जमले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्राँशियमही वाढत गेल्याचं त्यात स्पष्ट दिसलं.

याच काळात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी चाचण्या थांबवण्याच्या मागणीवर हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या मिळवून १९५८ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांना दिल्या. १ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’च्या हाकेवर अमेरिकेतल्या अनेक शहरांत हजारो स्त्रिया एका दिवसाचा संप करून रस्त्यावर आल्या. त्यांच्या हातात दुधाबद्दलचे फलक होते. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या न करण्याचा करार केला. जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या, फ्रान्स आणि चीन करारात आले नाहीत, हेही खरं. पण पुढच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या हाडांत जाणारं स्ट्राँशियम उतरत गेलं. हा बदल प्रयोगशाळेत मोजता येत होता.

दुसरं उदाहरण कझाकस्तानचं. सेमिपलातिन्स्कच्या गवताळ मैदानावर सोव्हिएत संघाने चारशेहून अधिक अणुस्फोट केले. फेब्रुवारी १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह दूरचित्रवाणीवर स्वतःच्या कविता वाचायला गेले होते. त्या बाजूला ठेवून त्यांनी किरणोत्सारी वायू बाहेर पडल्याचं सांगितलं आणि लोकांना जमायला बोलावलं. त्यातून ‘नेवाडा-सेमिपलातिन्स्क’ चळवळ उभी राहिली. २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते चाचणीक्षेत्र बंद झालं. हाच दिवस आता जगभर अणुचाचणीविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

ग्रीनहॅम कॉमनमध्ये काय घडलं होतं?

इंग्लंडमधल्या या हवाई तळावर अमेरिकेची अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं येणार होती. सप्टेंबर १९८१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफहून काही डझन लोक, बहुतेक स्त्रिया, चालत तिथे पोहोचल्या. या निर्णयावर जाहीर चर्चा व्हावी एवढीच त्यांची मागणी होती. कोणी दाद दिली नाही, म्हणून त्या तिथेच राहिल्या. प्लास्टिकच्या कापडाखाली, चिखलात, पुन्हा पुन्हा हुसकावल्या गेल्यावर परत येऊन. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० स्त्रियांनी हातात हात घालून अख्ख्या तळाला वेढा घातला आणि कुंपणाच्या तारांना बाळांचे कपडे, झबली, घरच्यांचे फोटो लटकवले. थोड्याच दिवसांनी, १ जानेवारी १९८३च्या पहाटे ४४ जणी कुंपण ओलांडून क्षेपणास्त्रांसाठी बांधल्या जाणाऱ्या कोठारांवर चढल्या आणि तिथे फेर धरून नाचल्या.

तरीही नोव्हेंबर १९८३ मध्ये क्षेपणास्त्रं आली. हे सांगणं गरजेचं आहे, कारण चळवळीच्या आठवणींत ही हार बऱ्याचदा गाळली जाते. १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सही केली, १९९१ मध्ये शेवटचं क्षेपणास्त्र ग्रीनहॅममधून गेलं आणि स्त्रियांचा तळ २००० पर्यंत तिथे राहिला. आज ती जागा लोकांना फिरायला मोकळी आहे.

शांततेचं ते वर्तुळाकार चिन्ह कुठून आलं?

१९५८ मध्ये जेराल्ड होल्टम या ब्रिटिश कलाकाराने लंडन ते ऑल्डरमास्टन या, ब्रिटनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रापर्यंतच्या, मोर्चासाठी ते काढलं. दोन्ही हातांत झेंडे धरून अक्षरं दाखवण्याच्या पद्धतीत ‘न्यूक्लिअर’ आणि ‘डिसआर्मामेंट’ या शब्दांच्या पहिल्या अक्षरांच्या ज्या खुणा होतात, त्या एकावर एक ठेवून ते बनलं आहे. त्यावर कुणाचा मालकी हक्क ठेवलेला नाही, कोणीही वापरावं.

डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यात इतके पुढे का असतात?

शास्त्रज्ञांचं कारण उघड आहे. जोसेफ रॉटब्लाट अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पात होते. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे स्पष्ट झाल्यावर, १९४४च्या अखेरीला, त्यांनी प्रकल्प सोडला. पुढे अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या १९५५च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांची सही होती आणि १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या छोट्या गावात पूर्व-पश्चिमेच्या शास्त्रज्ञांची जी बैठक झाली, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती तेव्हा पगवॉशच्या बैठकांत ही माणसं बोलत होती. १९९५चं नोबेल रॉटब्लाट आणि पगवॉश परिषदा यांना विभागून मिळालं.

डॉक्टरांचं म्हणणं अगदी व्यवहारी आहे. अणुस्फोटानंतर उपचार करायला रुग्णालय उरत नाही, रक्तपेढी उरत नाही, भाजलेल्या हजारोंसाठी खाटा जगातल्या कुठल्याच शहरात नाहीत. ज्या रोगावर इलाज नाही तो होऊच न देणं हाच उपाय. अमेरिकेचे हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येव्गेनी चाझोव्ह यांनी १९८० मध्ये याच भूमिकेतून डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीपीएनडब्ल्यू, काढली. पाच वर्षांत तिला नोबेल मिळालं.

आयकॅन काय आहे आणि बंदीचा करार कसा झाला?

आयकॅन ही शंभराहून अधिक देशांतल्या शेकडो संस्थांची आघाडी आहे. डॉक्टरांच्या याच संघटनेतून तिची कल्पना पुढे आली आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ती सुरू झाली. भूसुरुंगबंदीच्या मोहिमेचा धडा तिने गिरवला: मोठी राष्ट्रं तयार होण्याची वाट पाहू नका, जे तयार आहेत त्यांना घेऊन कायदा करा. २०१३-१४ मध्ये ओस्लो, मेक्सिकोतलं नायारित आणि व्हिएन्ना इथे अण्वस्त्रांच्या मानवी परिणामांवर परिषदा झाल्या. विषय ‘किती अस्त्रं’ इथून ‘कुणाच्या अंगावर काय होतं’ इथे आला. ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांच्या मतांनी अण्वस्त्रबंदी करार मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, नेदरलँड्सचं. सिंगापूर तटस्थ राहिलं. त्याच वर्षी आयकॅनला नोबेल मिळालं. होंडुरास मंजुरी देणारा पन्नासावा देश ठरला आणि २२ जानेवारी २०२१ पासून करार लागू झाला. आज सत्तरहून अधिक देश त्यात आहेत. अण्वस्त्रं बनवणं, बाळगणं, वापरणं, वापराची धमकी देणं या सगळ्याला त्यात मनाई आहे आणि चाचण्यांनी पीडित झालेल्यांना मदत करण्याचं बंधनही आहे.

पण ज्यांच्याकडे अस्त्रं आहेत ते देशच करारात नाहीत. मग उपयोग काय?

नऊपैकी एकही देश सामील नाही, हे खरं आहे आणि त्यामुळे उद्या सकाळी एकही अस्त्र कमी होणार नाही. उपयोग वेगळ्या वाटेने होतो. अण्वस्त्रं बनवायला खासगी कंपन्या लागतात, कंपन्यांना भांडवल लागतं आणि भांडवल देणाऱ्यांना आपलं नाव जपायचं असतं. नेदरलँड्सच्या सरकारने करारात यायला नकार दिला, तरी तिथल्या ‘एबीपी’ या मोठ्या निवृत्तिवेतन निधीने २०१८ मध्ये अण्वस्त्रं बनवणाऱ्यांमधली गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला.

कायदा झाला की काम संपलं असं मात्र नाही. भूसुरुंगबंदीचा करार या चळवळीचा आदर्श होता आणि २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी त्यातून बाहेर पडायची वाट धरली. युद्धाची भीती वाढली की मिळवलेलंही हातचं जाऊ शकतं.

अण्वस्त्रांच्या धाकामुळेच तर तिसरं महायुद्ध टळलं ना?

१९४५ नंतर बड्या राष्ट्रांत थेट महायुद्ध झालं नाही, आणि यात धाकाचा काहीच वाटा नव्हता असं छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण धाक चालायचा तर तो कधीच चुकता कामा नये. यंत्र बिघडता नये, माणूस घाबरता नये, संदेश हरवता नये. तेही कायमचं.

२७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेचप्रसंग. अमेरिकी नौदलाने एका सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट घडवले. पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो आहे हे वरच्या अमेरिकी नौकांना माहीत नव्हतं. आत असह्य उकाडा होता, मॉस्कोशी संपर्क नव्हता, आणि युद्ध सुरू झालं की नाही हेही कळत नव्हतं. टॉर्पेडो डागण्याची भाषा सुरू झाली तेव्हा वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने विरोध केला, असं त्या प्रसंगाबद्दल सांगितलं जातं. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. पाळीवर असलेल्या स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांना ते पटलं नाही. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करेल, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो खोटा इशारा असल्याचं कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. त्या रात्री पाळीवर दुसरा कोणी असता तर? ज्या व्यवस्थेत हा प्रश्न विचारावा लागतो, तिला मी सुरक्षा म्हणू शकत नाही.

युक्रेनने अण्वस्त्रं दिली आणि त्याच्यावर हल्ला झाला. यातून काय शिकायचं?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० दीर्घ पल्ल्याची अण्वस्त्रं होती. ती डागण्याचं नियंत्रण मॉस्कोच्या हाती होतं, तरीही ती युक्रेनमध्ये होती. ती सोडण्याच्या बदल्यात १९९४च्या बुडापेस्ट करारपत्रात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा आदर राखण्याचं वचन दिलं. रशियाने ते २०१४ मध्ये आणि मग २०२२ मध्ये मोडलं.

ज्याने वचन पाळलं त्याचंच नुकसान झालं, हा अन्याय आहे आणि निःशस्त्रीकरण मागणाऱ्याने तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पण रशिया इतक्या बिनधास्तपणे हे करू शकला, त्याचं एक कारण त्याच्याकडची अण्वस्त्रंच आहेत. मदतीला येऊ पाहणाऱ्यांना त्याने त्याच अस्त्रांची धमकी दिली. म्हणजे इथे अण्वस्त्रांनी युद्ध रोखलं नाही, आक्रमकाला कवच दिलं. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतःहून मोडून टाकले आणि १९९३ मध्ये तसं जगाला सांगितलं. तिच्यावर त्यामुळे कुणी चालून गेलं नाही. दोन्ही उदाहरणं समोर ठेवूनच बोलायला हवं.

या संघटना शत्रूच्या हस्तक असतात, असं ऐकतो. खरं काय?

काहींच्या बाबतीत आरोपात तथ्य होतं. अण्वस्त्रांवर बंदी मागणारं १९५०चं ‘स्टॉकहोम आवाहन’ काढणाऱ्या जागतिक शांतता परिषदेला सोव्हिएत संघाचा आधार होता आणि तिची टीका क्वचितच मॉस्कोकडे वळली. सोव्हिएत चाचण्यांचा निषेध करायचा की नाही, यावरून जपानची चळवळच १९६०च्या दशकात फुटली. ‘आपल्यातल्यांचा’ बॉम्ब चांगला असतो असं मानलं की चळवळीचा कणाच मोडतो.

पण प्रामाणिक माणसांना दोन्हीकडून मार पडला. १९८२ मध्ये मॉस्कोत काही नागरिकांनी दोन्ही देशांत विश्वास वाढवण्यासाठी स्वतंत्र गट काढला, तर त्यातल्या सर्गेई बातोव्रिन यांना मनोरुग्णालयात डांबलं गेलं. ब्रिटनमध्ये गुप्तचर खात्यात काम केलेल्या कॅथी मॅसिटर यांनी १९८५ मध्ये उघड केलं की सीएनडीच्या लोकांवर पाळत होती. इस्रायलच्या अणुप्रकल्पाची माहिती बाहेर आणणारे मोर्देखाय वानुनू १८ वर्षं तुरुंगात होते. १० जुलै १९८५ रोजी फ्रान्सच्या हेरांनी अणुचाचण्यांना विरोध करणारं ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ जहाज न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात स्फोटाने बुडवलं आणि त्यात छायाचित्रकार फर्नांडो परेरा गेले.

१९९८च्या चाचण्यांनंतर भारत आणि पाकिस्तानातही लोकांनी आपापल्या सरकारांच्या बॉम्बविरुद्ध उघड भूमिका घेतली. भारतात २००० मध्ये ‘सीएनडीपी’ ही आघाडी झाली. नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास तिच्याशी जोडलेले होते. गणवेशात आयुष्य घालवलेल्या माणसाला देशद्रोही म्हणणं जरा कठीणच जातं.

अण्वस्त्रांना विरोध म्हणजे अणुऊर्जेलाही विरोध का?

प्रत्येक संघटनेचं उत्तर वेगळं. ग्रीनपीसचा दोन्हींना विरोध आहे. पगवॉशमध्ये दोन्ही मतांची माणसं आहेत. बंदीचा करार वीजनिर्मितीला हात लावत नाही.

‘डूम्सडे क्लॉक’ खरं घड्याळ आहे का?

नाही. अणुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकाने १९४७ पासून वापरलेलं ते प्रतीक आहे: मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. १९९१ मध्ये काटा मध्यरात्रीपासून १७ मिनिटं दूर होता, २०२५ मध्ये ८९ सेकंद. हे भाकीत नाही, तज्ज्ञांच्या गटाचं मत आहे, आणि तेवढंच वजन त्याला द्यावं.

मी एकटा किंवा एकटी काय करू शकते?

सही करून सुरुवात होते, पण तिथे थांबू नका. आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा, आणि ते छापील नमुन्याचं नको, चार ओळी का होईना स्वतःच्या शब्दांत हव्यात. बंदीच्या करारावर त्यांची भूमिका काय, असा थेट प्रश्न त्यात विचारा. आयकॅनचं शहरांसाठी आवाहन आहे आणि हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ‘मेयर्स फॉर पीस’ ही संघटनाही आहे, जिच्यात आठ हजारांहून अधिक शहरं आहेत. आपलं शहर त्यांत आहे का ते पाहा, नसेल तर ठरावाची मागणी करा. आपली बँक किंवा निवृत्तिवेतन निधी अण्वस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांत पैसा घालतो का, हे लेखी विचारा. उत्तर टाळाटाळीचं आलं तरी तो प्रश्न त्यांच्याकडे नोंदला जातो.

६ आणि ९ ऑगस्ट, २९ ऑगस्ट आणि २६ सप्टेंबर, जो संयुक्त राष्ट्रांनी अण्वस्त्र निर्मूलनासाठी ठरवला आहे, हे दिवस कार्यक्रमाला सोयीचे. माझा सल्ला एवढाच की भाषणं कमी ठेवा आणि हिबाकुशांच्या साक्षी मोठ्याने वाचा. श्रोत्यांत लहान मुलं असतील तर जखमांची वर्णनं टाळा. दुधाच्या दातांची गोष्ट त्यांना सहज समजते.

देणगी देण्याआधी संघटना कशी तपासावी?

तिचे वार्षिक हिशेब पाहायला मिळतात का आणि मोठे देणगीदार कोण ते उघड आहे का, हे आधी बघा. मग तिची गेल्या काही वर्षांची निवेदनं वाचा. ती फक्त एकाच देशाच्या अस्त्रांवर बोलत असेल आणि बाकीच्यांवर गप्प असेल, तर तसं लिहून कारण विचारा. आकडे देताना ती ते कुठून घेतले हे सांगते का, तेही पाहा. पैशाची अडचण असेल तर वेळ द्या. अनुवाद, मुद्रितशोधन, जुन्या साक्षींचं लिप्यंतर या कामांना माणसं नेहमीच कमी पडतात, आणि मराठीत तर या विषयावरचं साहित्य फारच थोडं आहे.